किरणांचे कुंपण आणि भूपालचा संशय

द्राक्षांच्या मुलखात, एका गावाबाहेर भूपाल नावाच्या बागायतदाराची बेदाण्याची शेड होती. वर्षभराच्या कष्टाचा माल तिथे जाळ्यांवर सुकत असे. तो गेला तर वर्ष गेले.

शेजारच्या शेडमधून माल चोरीला गेला, तेव्हापासून भूपालला झोप येईना. त्याने कुत्रा पाळला नाही. कुत्रा भाकरीला फितूर होतो, असे त्याचे म्हणणे. शेवटी त्याने तालुक्याहून मिस्त्री आणला.

मिस्त्रीने शेडच्या चारही बाजूंना समोरासमोर खांब रोवले. एका खांबातून न दिसणारा किरण निघे आणि समोरच्या खांबात शिरे. कुणी तो तोडला, की भोंगा वाजे. मिस्त्रीने किरण गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवले.

"आता तुमच्या राखणदाराला चारी बाजूंनी चालवून, रांगवून बघू," मिस्त्री म्हणाला.

"ज्योतिरामला? किरण कुठनं जातोय ते त्यालाच दाखवू?"

"मग तुम्ही चला. मी बघतो."

"म्हणजे किरण कुठं तुटतोय ते तुला पक्कं कळंल."

"मीच लावलंय की, अण्णा."

हे वाक्य भूपालच्या मनात रुतले. मिस्त्री गेल्यावर त्याने ज्योतिरामला कामाला लावून बागेत पाठवले आणि सगळे किरण स्वतःच्या हाताने छातीएवढे वर नेले. समोरासमोरचे किरण जुळल्याचे हिरवे दिवे खांबांवर लागले. मग तो ताठ चालत आडवा गेला. भोंगा वाजला. भूपाल खूश झाला. आता खरी उंची त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. तो स्वतः कधी कुणापुढे वाकला नव्हता. चोर वाकेल, हे त्याच्या डोक्यात आले नाही.

काही दिवसांनी ज्योतिराम म्हणाला, "अण्णा, कुत्री खांबांमधनं खुशाल आत येत्यात. भोंगा गप्प असतोय."

"तू खांबांकडं कशाला बघतोस?"

"राखणदार हाय मी. आभाळाकडं बघू का?"

"आज बघतोस, उद्या कुणाला तरी सांगशील."

"सांगायचं ते तुम्हांला सांगितलं," ज्योतिराम म्हणाला.

भूपालने त्याला त्याच दिवशी कामावरून काढले. कुत्री येतच राहिली. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही ती दिसत होती.

एका सकाळी भूपाल शेडवर आला, तर जाळ्या रिकाम्या. खांबांवर हिरवे दिवे जळत होते. दोन खांबांच्या मधले गवत पोटाखाली दडपल्यासारखे आडवे झाले होते. बेदाण्याचा सडा थेट रस्त्यापर्यंत गेला होता.

फौजदार आले. त्यांनी गवत पाहिले, खांब पाहिले.

"किरण एवढ्या वर आहेत, हे कुणाला माहीत होतं?"

"मिस्त्रीला नव्हतं," भूपाल म्हणाला. "ज्योतिरामला नव्हतं. घरातसुद्धा कुणाला नव्हतं."

"मग वर नेले कुणी?"

भूपालने स्वतःच्या हातांकडे पाहिले. फौजदारांनी वही उघडली.

"संशय कुणावर आहे? नाव सांगा, लिहून घेतो."

ज्याच्या तोंडी रोज दहा नावे असत, त्याला त्या दिवशी एकही नाव सुचले नाही.

तात्पर्य: सावध माणूस राखणदाराचे ऐकतो. संशयी माणूस राखणदारालाच हाकलतो, आणि चोराला वाट मोकळी करून देतो.