शिकारी कुत्र्याचा रोजचा खर्च

एका संस्थानात सरकारांच्या शिकारी कुत्र्यांना रोज मटण आणि दूध मिळे. त्यांची देखभाल करणाऱ्या सुभानाला मात्र दिवसाला दोनच आणे मिळत. एकदा त्याने भर दरबारात पगारवाढ मागितली.

सरकारांनी कारभाऱ्यांना विचारलं, "त्र्यंबकपंत, एकेका कुत्र्यामागे रोज आठ आणे जातात. तेच कमी करून याला देऊ या का?"

त्र्यंबकपंत हसले. "सरकार, कोंड्याच्या भाकरीवर चार आण्यांत भागतं खरं. पण कुत्रं ती दुप्पट खातं, आजारी पडतं आणि वर औषधाला पैसे लागतात. महिन्याचा हिशेब केला, तर रोजचे दहा आणे पडतात. चांगला खुराकच स्वस्त!"

"कळलं का रे, सुभाना?" सरकार म्हणाले.

"कळलं, सरकार. माझी बायको कोंड्याचीच भाकरी खायची. ती आजारी पडली आणि गेल्या महिन्यात वारली. तिच्या औषधाला कुणी पैसे दिले नाहीत, म्हणून माणसाच्या हिशेबात कोंडाच स्वस्त पडला."

सरकारांनी तिथेच सुभानाला कुत्र्याइतके, म्हणजे आठ आणे रोज ठरवून दिले.

सुभानाने मुजरा केला. घरी आता खाणारा तो एकटाच उरला होता.