वेळूच्या बनातली ओ

पूर्वी शोणतीर नगरात राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्याच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव सुतीर. तिथली नदी खवळलेली, तळाशी खडकच खडक. काठापासून काठापर्यंत ताणलेल्या जाड दोराच्या आधारानेच त्यांची नाव पलीकडे जाई. हा दोर ते भद्रक नावाच्या दोरवळ्याकडून घेत.

भद्रक आणि त्याची बायको उत्पला वेळूच्या बनाला लागून राहत. दोर वळायला माणसे दोन लागतात. भद्रक बनापलीकडे फिरकी घेऊन बसे, उत्पला अलीकडे अंगणात अंबाडीचा वाख धरून उभी राही, आणि बनातल्या पायवाटेवरून दोर एकाकडून दुसरीकडे जाई. मधल्या दाटीमुळे ती एकमेकांना दिसत नसत. म्हणून त्या धंद्यात एक शिरस्ता होता. धरणाऱ्याने "धरलं!" अशी हाक द्यायची आणि फिरवणाऱ्याने "ओ!" म्हटल्याशिवाय पीळ द्यायचा नाही. पीळ बसला की दोर आखडतो, तेव्हा धरणाऱ्याला थोडे थोडे पुढे सरकावे लागते.

एकदा बाजारात, गिऱ्हाइकांदेखत, उत्पला बोलून गेली, "हा दोर जरा सैलच वळला गेलाय." बोलली ते खरेच होते. पण खरे पचवायला पोट मोठे लागते, आणि भद्रकचे सगळे मोठेपण त्याच्या मिशीत गेलेले. त्याने अबोला धरला.

उत्पलेला वाटले, दोन दिवसांचा राग, निवळेल. तिने चूक कबूल केली. त्याच्या आवडीचे रांधले, विनवले, रडली. तो ताटावर बसे, जेवे, आणि ती जणू तिथे नाहीच असा तिच्या आरपार बघत उठे. भांडला असता तर तिला हायसे वाटले असते. भांडणात निदान समोर माणूस तरी असते.

दोर वळतानाही तिच्या हाकेला ओ येईना. फिरकी मात्र फिरत असे, दोर आखडत असे. तेवढ्यावर ती समाधान मानी.

मग एका भर दुपारी, वाऱ्याचे नाव नसताना आणि एकही पाखरू बोलत नसताना, तिने सवयीने हाक दिली, "धरलं!"

बनातून उत्तर आले, "ओ."

आवाज भद्रकचाच होता, फक्त थोडा जास्त मऊ.

"राग गेला का हो?" तिने विचारले.

"गेला."

"मग घरात का बोलत नाही?"

"इथे बोलतो की."

संध्याकाळी भद्रक घरी आला तो पूर्वीसारखाच मुका. उत्पलेने स्वतःची समजूत घातली, पुरुषाची जात, घरात वाकायला लाजत असेल. तहानलेल्याने पाण्याचा रंग बघावा कशाला? रोज दुपारी ती दोर धरून मनातले सगळे बोलू लागली. तिकडून ओ येई, हुंकार येई, कधी "बिचारी माझी" असेही येई. आणि म्हणे, "अजून जरा पुढे ये."

हळूहळू तिचा आवाज विरत चालला. पाणवठ्यावर ती किती तरी वेळ बोलत असे, आणि बायका दचकून विचारत, "अगं उत्पले, तू कधी आलीस?" घरचे कुत्रे तिच्या हाकेला कान टवकारीना. आणि ती उभी राही ती जागा अंगणाच्या कडेला आली, कडेवरून वेळूच्या सावलीत गेली. तिच्या ते ध्यानातही आले नाही.

त्या दिवसांत वळलेल्या दोराचे वेटोळे सुतीरांनी नेले होते. असा दोर त्यांच्या हाताला कधी लागला नव्हता. गुळगुळीत, घट्ट, दगडावर घासला तरी धागा सुटेना. पण त्याचा पीळ उलटा होता, डाव्या अंगाला गेलेला. दोरवळ्यांच्या कुळात कोणी तसा वळत नसे. ते वेटोळे खांद्यावर टाकून ते विचारायला आले.

"पोरी, हा पीळ कोणाचा?"

"यांचाच, दादा. ते बसलेत ना पलीकडे." तिचे बोलणे ऐकायला त्यांना वाकावे लागले.

बोधिसत्त्वांनी बनाकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "भद्रक तर या सगळ्या दिवसांत सकाळपासून माझ्या धक्क्यावर गळ टाकून बसलेला असतो. काम नाही का विचारलं, तर म्हणाला, ती एकटीच वळतेय, वळू दे, माझ्यावाचून तिचं अडत नाही. मला वाटलं, तुम्ही दुसरा गडी ठेवलात."

दोर अजून उत्पलेच्या हातात होता. पलीकडे फिरकी फिरत होती.

बनातून भद्रकच्या आवाजात प्रश्न आला, "उत्पले, कोण आलंय गं?"

बोधिसत्त्वांनी ओळखले. ज्या घरात हाकेला आपल्या माणसाची ओ येत नाही, त्या घरी ओ द्यायला येणारा हा यक्ष. हाक मारणाऱ्याचा आवाज तो थोडा थोडा खातो, आणि माणूस त्याच्या पायरीपर्यंत ओढले गेले की माणूसही.

"नावाड्या, मध्ये पडू नकोस," यक्ष म्हणाला. "पुरात तुटणार नाही असा दोर तुला जन्मभर देईन."

गेल्या पुरात जुना दोर तुटला होता आणि भरलेली नाव उलटली होती. ती माणसे बोधिसत्त्वांना आठवली. मोह साधा नव्हता. तरी ते म्हणाले, "ज्याच्या टोकाला माणूस गिळलं जातं, तो दोर धरून मी कोणाला पार नेऊ?" आणि उत्पलेकडे वळून म्हणाले, "पोरी, सोड तो."

"सोडला तर संसार सुटेल, दादा."

"संसाराला दोन टोकं असतात. तुझं तू इमानानं धरलंस. चुकलीस ते कबूलही केलंस. त्याउपर एका ओसाठी भीक मागत अंधारात शिरायचं नसतं."

तिने खाली पाहिले. पावले वेळूच्या मुळांवर पडली होती. तिने एकेक बोट उलगडले, आणि दोर सुळकन बनात गेला. बोधिसत्त्वांनी तिला धरून ओट्यापाशी आणली आणि खांबाआड बसवून ते पाणी आणायला आत गेले.

तेवढ्यात भद्रक जेवायला आला. अबोला कितीही कडक असला तरी त्याचे जेवण चुकत नसे. चूल थंड, अंगणात दोर नाही, बायको नाही. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द फुटला, "उत्पले!"

"ओ," बनातून उत्पलेचा आवाज आला.

भद्रक तिकडे धावला. आणि खांबाआड बसलेल्या उत्पलेच्या अगदी कानाशी तोच आवाज, तिचा स्वतःचा, कुजबुजला, "गप्प राहा. आता तुझी पाळी. कळू दे त्याला."

खोटे कशाला सांगावे, क्षणभर तिला ते गोड वाटले. भद्रकचा पाय सावलीत पडला. खांब धरून ती उठली, तिने उरलासुरला जीव गळ्यात गोळा केला आणि हाकेला ओ दिली.

"ओ! मी इथं आहे!"

आवाज घोगरा, फाटका होता, पण तिचा होता. भद्रक जागीच थिजला. बनातून अजूनही "ओ, ओ" येत होते आणि बायको पाठीमागे उभी होती.

उत्पला म्हणाली, "रागावलात तर राग आला म्हणा, मी ऐकेन. बोलायला वेळ हवा तर वेळ हवा म्हणा, मी थांबेन. पण मुके राहिलात तर यापुढे मी दोर धरून उभी राहायची नाही."

महत्प्रयासाने भद्रक म्हणाला, "त्या दिवशी... मला लाज वाटली गं." एवढेच. पण ते त्याने तिच्याकडे बघून म्हटले, आणि बन शांत झाले.

बोधिसत्त्वांनी ते अजोड वेटोळे अंगणात ठेवून पेटवून दिले. आग विझली तेव्हा राखेत उलटा पीळ तसाच दिसत होता. ते म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. भद्रका, हा यक्षाचा पीळ. तुझा जातो का बघ." नवा दोर होईपर्यंत त्यांची नाव काठाला बांधलेली राहिली आणि त्यांच्या घरात एक वेळचीच चूल पेटली. त्यांनी कुरकुर केली नाही. नवा दोर पहिल्यांदा जरा सैलच झाला. उत्पलेने तसे सांगितले, भद्रकने मिशीवर हात फिरवला आणि तो उकलून पुन्हा वळला.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहाराच्या ओसरीवर एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या एका दांपत्याकडे पाहिले. "तेव्हाचा भद्रक म्हणजे हा गृहस्थ, उत्पला ही उपासिका, आणि सुतीर नावाडी मीच होतो. स्वतःचा लाभ जाळून दुसऱ्याला हाकेच्या अंतरावर परत आणणे, ही करुणा पारमिता, करुणेची पूर्णता."

"आणि तो यक्ष, भगवन्?" एका भिक्षूने विचारले.

"तो अजून यक्षच आहे," शास्ते म्हणाले. "ज्या घरी आज कोणी ओ दिली नसेल, तिथे तो गेला असेल."

मग त्या गृहस्थाने मान वळवली आणि बायकोला नावाने हाक मारली.