राजवैद्याची दाढ

आमच्या छोट्या संस्थानात मी राजवैद्य होतो आणि माझ्या औषधांपेक्षा माझी जीभच जास्त चालायची. सर्दीला निलगिरीचं तेल, पोटाला ओव्याचं, दाताला लवंगेचं. माझ्या कुप्यांपुढे एकही रोग टिकत नाही, असं मी भर दरबारात सांगायचो. मग एकदा माझीच दाढ ठणकायला लागली. दोन दिवस लवंगेचं तेल लावलं आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप न्हाव्याकडून ती उपटून घेतली.

हे दिवाण अमृतरावांना कळलं. ते दरबारात कडाडले, "महाराज, एक तर याचं तेल खोटं, नाहीतर याचाच त्यावर विश्वास नाही. काहीही असो, याला काढून टाका!"

सुजलेला गाल सावरत मी म्हणालो, "महाराज, तेल खरं आहे, खोटा मी आहे. ठणका घटकाभर थांबवायचं आपलं काम तेलाने चोख केलं. दाढ बरी होईल असं ते कधीच म्हणालं नव्हतं. ते मी म्हणत होतो."

महाराज खो खो हसले आणि लगेच कळवळून त्यांनी गाल धरला.

"आधी त्या न्हाव्याला बोलवा! महिनाभर मीही याच्या शब्दावर तेल चोळतोय."

माझी नोकरी राहिली. महाराजांची दाढ मात्र गेली.