टिंगीची शेंग आणि मावशीची गाडी

एक होती टिंगी उंदरी. इवलीशी. तिच्या बाळाला आला पहिला दात. पहिल्या दाताला पहिली शेंग, ही उंदरांची रीत.

टिंगी शेंग घेऊन निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. अंगणात शेंग सुटली. गडगड गडगड. गेली गाडीच्या चाकाखाली. अडकली. ओढली, तरी निघेना.

गाडी होती मथुरामावशीची. जुनी, लाल. मावशीची वरातसुद्धा हिच्यातूनच निघाली होती.

टिंगी म्हणाली,
"गाडीताई, सरक की.
शेंग माझी सुटेना,
बाळ माझं हसेना."
गाडी म्हणाली, "टक्... टक्... बॅटरी उठली की सरकेन."

टिंगी गेली बॅटरीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"बॅटरीबाई, ऊठ की.
गाडी काही सरकेना,
शेंग माझी सुटेना,
बाळ माझं हसेना."
बॅटरी म्हणाली, "माझ्या कानांवर पांढरा चुरा साचलाय. गरम पाण्यानं धुतला की उठेन."

टिंगी गेली किटलीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"किटलीताई, पाणी ओत की.
बॅटरी काही उठेना,
गाडी काही सरकेना,
शेंग माझी सुटेना,
बाळ माझं हसेना."
किटली फुसफुसली, "मला काय पाय आहेत? मावशीनं उचललं की ओतेन."

टिंगी गेली मावशीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"मावशी, किटली उचल की.
किटली पाणी ओतेना,
बॅटरी काही उठेना,
गाडी काही सरकेना,
शेंग माझी सुटेना,
बाळ माझं हसेना."
मावशी म्हणाली, "अगं टिंगे, गाडी उठेल, थरथरेल, पुन्हा झोपेल. काल दिवसभर तेच. म्हणून तर बॅटरी दमली. गाडीचं नाक चोंदलंय. ते मोकळं झालं की उचलेन."

टिंगी गेली नाकाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"नाकोबा, श्वास घे की.
मावशी किटली उचलेना,
किटली पाणी ओतेना,
बॅटरी काही उठेना,
गाडी काही सरकेना,
शेंग माझी सुटेना,
बाळ माझं हसेना."
नाकोबा म्हणाला, "कापूस कोंबलाय कुणीतरी. ज्यानं कोंबला त्यानं काढला की घेईन."

टिंगीनं आत डोकावलं. मऊ मऊ कापूस. उबदार कापूस. ओळखीचा कापूस.
अगंबाई, ही तर बाळाची थंडीतली गादी. टिंगीनंच घातलेली.

टिंगी थांबली नाही. ओढ ओढ, ओढ ओढ. मिशीला कापूस, शेपटीला कापूस. सगळा काढला.

मग नाकोबानं श्वास घेतला. सूंऽऽ.
मावशीनं किटली उचलली.
किटलीनं पाणी ओतलं. चुर्रर्र.
बॅटरी उठली.
गाडी उठली. जरा थरथरली. मग एकसारखी, गुर्रर्र, गुर्रर्र. काय तिचा तो आवाज! मावशी ऐकतच राहिली.
गाडी मागं सरकली.
शेंग सुटली.
बाळ हसलं. इवलासा दात चमकला.

मावशी म्हणाली, "एवढीशी टिंगी, केवढी गाडी उठवलीस गं. पण आता गादी माझ्या शिवणाच्या डब्यात घाल."

टिंगीनं घातली. गादीवर बाळ. बाळाच्या तोंडात शेंग. कुडुम कुडुम.
शेंग संपली. टरफल उरलं. गोष्टही एवढीच.