खड्ड्यातला कोळसा

गवळ्यांच्या एका गावात एक नियम होता: शेणाच्या खड्ड्यात जळलेलं काही टाकायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

त्या गावात एक तापट मुलगी होती. दर चैत्रात घरोघरच्या मुली आपापल्या खड्ड्यातलं खत मडक्यात भरून मेथी पेरत. जिची मेथी सरस, तिच्या खताची पहिली पाटी देवळाच्या मळ्यात पडे. तीन वर्षं तो मान हिचाच होता.

त्या वर्षी गुरांचे खूर सडले. वैद्याच्या सांगण्यावरून गावानं गुरांचे पाय मोरचुदाच्या पाण्यात बुडवले. गुरं बरी झाली. पण ते निळं पाणी वाहत वाहत प्रत्येकाच्या खड्ड्यात उतरलं. चैत्रात सगळ्यांची मेथी पिवळी पडली. हिरवीगार राहिली ती फक्त हिच्या चुलत बहिणीची.

"बघा, कधी तोंड उघडत नाही, पण खत कसं केलंय!" बायका म्हणाल्या. ते ऐकून ही जळफळली.

एका दुपारी तिनं गुपचूप बहिणीचा खड्डा उकरला. आत काळे तुकडे! झाकल्या मडक्यात तुराट्या भाजून केलेला कोळसा.

"सापडलीस!" म्हणत ती थेट गावच्या कारभाऱ्याकडे, आपल्या आजोबांकडे धावली.

"पौर्णिमेला पारावर गाव जमवतो," आजोबा म्हणाले. "कोळशानं खत बाटतं, याचा पुरावा घेऊन ये."

पुराव्यासाठी तिनं बहिणीचा ओंजळभर कोळसा चोरला, आपल्या खतात कालवून मुरवला आणि दोन मडक्यांत मेथी पेरली. एकात नुसतं खत, दुसऱ्यात कोळशाचं. नुसत्या खतातली मेली. कोळशातली तरारली.

ती मडक्यांपुढे बसून राहिली. मोरचुदाचं विष कोळशानं धरून ठेवलं होतं. आणि हे आपल्याआधी बहिणीला सुचलं, हे तिला त्या विषाहून कडू लागलं.

पौर्णिमेला गाव पारावर जमला. बहीण खाली मान घालून उभी होती.

"बोल पोरी," आजोबा म्हणाले, "कोळशानं खत बाटलं ना? एवढं म्हण. तिचा खड्डा बुजवू, पहिली पाटी तुझी."

'हो' अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं दोन्ही मडकी पुढे ठेवली.

"दोन्हींत माझ्याच खड्ड्यातलं खत आहे. हिरव्यात तिचा कोळसा आहे."

"अगं, पण नियम आहे! वाडवडिलांनी घातलेला."

"त्यांच्या वेळी खड्ड्यात मोरचूद जात होतं का, आजोबा?"

"जीभ बघा हिची!" एक म्हातारा खेकसला. "वेडे, तुझाच मान परत मिळतोय. हो म्हण नि मोकळी हो."

"मान मला हवाय. तिचा हेवा वाटतो, आत्ताही वाटतोय. पण मी 'हो' म्हणणार नाही. खड्डा बुजवायचाच असेल तर आधी माझा बुजवा. विष त्यात आहे."

आजोबांनी मेलेल्या मेथीकडे पाहिलं, मग हिरव्या मेथीकडे. मग हिरव्या मेथीचं मडकं उचलून त्यांनी बहिणीच्या हातात दिलं.

तात्पर्य: हेवा वाटला तर वाटू द्यावा, पण त्याच्यापायी डोळ्यांनी पाहिलेलं खरं गाडू नये, आणि मोठ्यांनी सांगितलं म्हणून तर मुळीच नाही.