राजाच्या कोठीचं कुलूप

निळ्यानिळ्या तळ्याकाठी गोजरी राहायची. झोपडी एवढीशी, भाकरी अर्धी, पण बापाची माया पोटभर. बाप कुशा भोई. मासोळ्या अंडी घालतात त्या महिन्यात तळ्यात जाळं टाकायचं नाही, हा राजाचा कायदा. मोडला तर वर्षभर कोठडी.

आणि मोडला राजानंच! पाहुण्यांना चंदेरी मासे हवे होते. सकाळी सकाळी कुशाची होडी ओढली, जाळं टाकलं, अंड्यांनी भरलेल्या मासोळ्या टोपल्यांनी नेल्या. होडीच्या खिळ्याला जाळ्याचा तुकडा तेवढा राहिला. होडी कुशाची, म्हणून शिपायांनी कुशालाच धरलं.

न्यायाधीशानं प्रत्येक भोयाचं जाळं पाहिलं. घराघराची गाठ वेगळी असते. तुकड्याची गाठ कुणाशीच जुळेना. उरली राजाची कोठी.

“राजाच्या कोठीत कुणी डोकावायचं नाही,” राजा गुरगुरला. “आत राज्याची गुपितं असतात.”

न्यायाधीशानं मान खाली घातली. साऱ्या गावानंही घातली. जाळं सापडेपर्यंत कुशा आत!

नवव्या दिवशी गोजरी तळ्याकाठी गेली. आटत्या डबक्यात इवलीइवली पिल्लं तडफडत होती. स्वतःचं रडू विसरून तिनं ती ओंजळीओंजळीनं तळ्यात सोडली. तेवढ्यात गुलाबी कमळ उमललं आणि आतून बोटभर परी बाहेर आली. पंख मोरपिशी, पायात दवाचे पैंजण.

“बाळ, एक मागणं माग. पण जे मागशील ते सगळ्यांना सारखं लागेल. तुलाही.”

“मग या गावात खरं कुठल्याच कुलपाआड राहू नये.”

“तुलाही, म्हटलं हं मी.”

“ऐकलं, परीताई. मला बाबा हवेत.”

परीनं पंख झटकले. सोनेरी चुरा गावभर उडाला. खट्, खट्, खट्! कुलपंच कुलपं गळाली. सावित्राकाकूच्या पेटीतून शेजारणीचे चोरलेले लाडू घरंगळले. आणि राजाच्या कोठीतून फाटकं रेशमी जाळं थेट चौकात येऊन पडलं. न्यायाधीशानं तुकडा लावला. गाठीला गाठ जुळली.

“अरे, कायदा मी केला! मलाच कसा लागेल?” राजा ओरडला.

“तुम्हीच केलात ना महाराज? मग तुम्हाला तर पाठच असेल,” न्यायाधीश म्हणाला. पण बोलताना त्याचा चेहरा पडला होता. हे त्यानं नऊ दिवसांपूर्वी म्हणायला हवं होतं.

शिपायांनी राजाला कोठडीकडे नेलं आणि कुशाला बाहेर आणलं. गोजरी धावली. पण वाटेतच तिचं तोंड आपोआप उघडलं.

“बाबा, मी पाहिलं होतं. राजा होडी नेत होता तेव्हा मी केवड्याआड होते. भ्याले. कुणालाच सांगितलं नाही.”

गावातल्या कितीतरी जणांनी तेच पाहिलं होतं. एकेक करत तेही बोलू लागले.

“परीताई, बाबांचे कोठडीत गेलेले नऊ दिवस परत दे ना गं!”

“ते माझ्याकडेही नसतात, सोनुली,” परी हळूच म्हणाली. तिनं गोजरीच्या कपाळाची पापी घेतली, आणि लखलखत्या उजेडात विरघळून गेली.

कुशाला तो उजेड सोसेना. अंधाराची सवय झालेली. त्यानं डोळे मिटले आणि चाचपत लेकीचा हात शोधला.

“चल पोरी, घरी ने मला.”