गुणाजीने टायर बसवला

समुद्राकाठच्या एका गावात एक भोळा होता. त्याचं नाव गुणाजी. अंगाने धडधाकट, मिशा चांगल्या भरघोस, मनाने सरळ. इतका सरळ की रस्त्याला वळण आलं तरी हा वळायचा नाही.

त्याच्या आईला एकच घोर. ह्याचं कसं होणार? लहानपणी आपण कमी शिकवलं का? की जरा जास्तच शिकवलं? आयांना दोन्ही वाटतं, आणि एकाच वेळी वाटतं.

शेवटी शलाकाताईने त्याला कामावर घेतलं. ती किनाऱ्यावर सायकली भाड्याने द्यायची. वाळूत रुतू नयेत म्हणून त्यांचे टायर चांगले गलेलठ्ठ. सगळ्यांत लठ्ठ टायरांची सायकल ताईची स्वतःची. तिला अख्खं गाव 'जाडी' म्हणायचं.

ताई म्हणाली, "गुणाजी, रविवारी वाळूतली शर्यत आहे. मी जाडीवर बसणार. तिचे टायर ट्यूबलेस करायचेत. शर्यत संपेपर्यंत तिच्या चाकांत हवा टिकली, तर तू कामावर कायम."

"आणि नाही टिकली तर?"

"तर तुझी आई म्हणते तसं. मामाकडे, बर्फाच्या कारखान्यात."

गुणाजीला थंडी सोसत नसे. नुसतं ऐकूनच त्याला शिंक आली.

"पहिलं काम," ताई म्हणाली. "ट्यूब काढून ठेव. मी जेवून येते."

ताई जेवून आली. दुकान पत्र्याचं, बिनखिडकीचं. आत काळोख.

"गुणाजी! दिवा का घालवलास?"

"ट्यूब काढली, ताई. फुटू नये म्हणून गोधडीत गुंडाळून ठेवलीय."

ताईने कपाळावर हात मारला. "अरे, भिंतीवरची नाही, चाकातली! मी काही सांगितलं की आधी चाक आठवायचं. जे काय करायचं ते चाकात!"

"असं होय! चाकात. आता लक्षात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "आता वाल बसव. नीट बसव हं, हलता कामा नये."

गुणाजी घरी गेला. आईने उसळीसाठी वाल भिजवून, मोड आणून ठेवले होते. "चाकात, चाकात," असं पुटपुटत त्याने पातेलं उचललं.

संध्याकाळी ताईने जाडी ढकलली. चाक खुळखुळ्यासारखं वाजलं.

"हे काय वाजतंय?"

"वाल, ताई. सगळे बसले. हलतायत मात्र थोडे."

"अरे देवा! वाल म्हणजे हवा भरायची नळी! तुझ्या घरातलं मला काही नको. लागेल ते दुकानातून आणत जा. दुकानातून!"

"असं होय! दुकानातून. आता लक्षात ठेवीन."

घरी आईने विचारलं, "गुणाजी, वाल कुठे गेले रे?"

"कामावर."

"बरं झालं," आई म्हणाली. "घरातलं कोणीतरी कामाला लागलं."

वालाची नळी ताईने स्वतःच बसवली. मग म्हणाली, "आता दोन्ही चाकांत दूध घाल."

गुणाजी थेट डेअरीच्या दुकानात. "म्हशीचं द्या."

"कोणाला? घरी कोणी बाळंत झालंय का?" डेअरीवाल्याने विचारलं.

"नाही हो, जाडीला. एवढ्या अंगाला गाईचं कुठलं पुरतंय!"

दुपारच्या उन्हात जाडी बाहेर उभी होती. ताईने टायर उकलला तर आत दही. दारात चार मांजरं येऊन बसली.

"गुणाजी!"

"दुकानातूनच आणलं, ताई. देवाशप्पथ."

"अरे बाबा, दूध म्हणजे ते बाटलीतलं पांढरं औषध! टायरला भोक पडलं की ते आतून बुजवतं. नुसतं नाव ऐकून धावत सुटू नकोस. आपल्या डोळ्यांना दिसेल, तेव्हाच झालं म्हण!"

"असं होय! डोळ्यांना दिसेल तेव्हा. आता लक्षात ठेवीन."

औषध ताईने आपल्या हाताने घातलं. "आता तू फक्त पंप मार. फट् असा आवाज आला की टायर बसला. बसला की हाक मार." आणि ती आत गेली.

गुणाजीने पंप मारला. फट्!

"बसला का रे?" आतून ताई.

गुणाजीने वाकून नीट बघितलं. "नाही, ताई. उभाच आहे."

"मग मार अजून."

फट्!

"आता?"

"आता तर छाती काढून उभा आहे!"

"मला ते काही माहीत नाही. बसला पाहिजे!"

गुणाजीने विचार केला. मग नळी उघडली. फुस्स. टायर हळूहळू जमिनीला टेकला.

"ताई! बसला! डोळ्यांनी बघितला!"

ताई बाहेर आली आणि टायरशेजारी तीही बसली. मग तिने स्वतः पंप मारला. टायर रिमच्या कडेला घट्ट बसला, आणि हवाही आतच राहिली.

"आता एकच ऐक," ती म्हणाली. "हवा सोडायची नाही. कुठेही फुस्स ऐकू आलं की धावायचं. भोकावर बोट दाबायचं आणि चाक गोल फिरवायचं, म्हणजे दूध भोकाशी पोचतं. कोणी काही म्हणो, बोट काढायचं नाही. कळलं?"

"कळलं. फुस्स, बोट, गोल."

रविवार उजाडला. सगळा गाव किनाऱ्यावर. सायकली रांगेत, मधोमध जाडीवर ताई. गुणाजीची आई पुढेच उभी, पदराचं टोक मुठीत आवळून. आज तरी नीट होऊ दे रे बाबा, एवढंच तिच्या मनात.

सरपंच दाजीकाका शिट्टी वाजवायला पुढे आले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली. शिट्टीत वाळू गेली होती.

फुस्स.

गुणाजीने कान टवकारले. धावला. एक बोट शिट्टीच्या भोकावर दाबलं, उरलेला पंजा दाजीकाकांच्या तोंडावर. आणि त्यांना गरगर गोल फिरवायला लागला.

"म्म्म्!" दाजीकाका म्हणाले.

"गुणाजी, सोड त्यांना!" आई किंचाळली.

"कोणी काही म्हणो, बोट काढायचं नाही!"

ताई जाडी टाकून धावली. त्याचा सदरा धरून ओढू लागली. तिसऱ्या फेरीला दाजीकाकांच्या खांद्यावरचं उपरणं उडालं. सायकलवाल्यांना वाटलं, हीच खूण. सगळे सुटले. वाळू उडवत गेले ते दिसेनासे झाले. मागे जाडी तेवढी आडवी पडून राहिली.

थोड्या वेळाने पलीकडच्या टोकाला टाळ्या झाल्या. कोणीतरी जिंकलं होतं.

गुणाजी थांबला. बोट न काढता त्याने जाडीकडे पाहिलं. दोन्ही चाकं टम्म. दाजीकाकांकडे पाहिलं. त्यांचे गालही टम्म.

"ताई," तो म्हणाला, "शर्यत संपली. जाडीची हवा टिकली. काकांचीही टिकली. मी कायम ना?"